गाव जागेवर, शिवार गेलं

चंडीगडच्या ईशान्य टोकाला, मनीमाजरा आणि किशनगढला लागून, राजीव गांधी चंडीगड टेक्नॉलॉजी पार्क आहे. एवढं लांब नाव कुणी घेत नाही, सगळे नुसतं 'आयटी पार्क' म्हणतात. पुण्याजवळ हिंजवडीला राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. त्यालाही लोक 'आयटी पार्क'च म्हणतात. इन्फोसिस दोन्हीकडे आहे. हिंजवडीत नोकरीला लागलेली मराठी मुलगी बदली होऊन चंडीगडला गेली, तर काचेच्या इमारती, गेटवर दाखवायचं कार्ड आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवरची गर्दी तिला ओळखीचीच वाटते. आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, पण ती कार्डाच्या आत दिसत नाही. दोन्ही पार्कांच्या जागी पूर्वी शेतं होती, आणि ज्यांची ती शेतं होती त्यांची गावं कुंपणाला खेटून आजही उभी आहेत.

या गावांतल्या माणसांना विस्थापित म्हणायचं का? त्यांची घरं आहेत तिथेच आहेत. शेजारपाजार तोच आहे, पारही तोच आहे. गेलं ते शिवार. गेल्या शंभर वर्षांत विस्थापन या कल्पनेत काय मोजलं गेलं, काय सुटलं आणि सुटलेलं मोजायला कुणी भाग पाडलं, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

शाळेतलं विस्थापन

महाराष्ट्रातल्या मुलांची या शब्दाशी गाठ पडते ती नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात. तिथे 'अंतर' आणि 'विस्थापन' शेजारी शेजारी येतात. प्रत्यक्ष चाललेला सगळा रस्ता म्हणजे अंतर. निघालेलं ठिकाण आणि पोचलेलं ठिकाण यांच्यातली सरळ रेघ म्हणजे विस्थापन. एखादी मुलगी घरून निघून बाजारात गेली, आजीकडे डोकावली आणि परत घरी आली, तर अंतर दोन-तीन किलोमीटर आणि विस्थापन शून्य. हे उदाहरण वर्गात सांगितलं की मुलांना गंमत वाटते. पण मधलं सगळं वगळून फक्त दोन टोकं पाहायची ही रीत पुढे कचेऱ्यांमध्ये माणसांना लागू झाली, तेव्हा तिने फार नुकसान केलं.

विज्ञानात या कल्पनेला दुसरीही बाजू आहे, आणि ती आर्किमिडीजइतकी जुनी आहे. पाण्यावर तरंगणारं जहाज स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं. म्हणून युद्धनौकेचा आकार टनांत सांगतात. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या 'आयएनएस विक्रांत'चं विस्थापन सुमारे ४५,००० टन आहे. मोटारसायकलचे सीसीसुद्धा दट्ट्या सिलिंडरमध्ये किती जागा रिकामी करतो त्याचंच माप आहे. मानसशास्त्रात फ्रॉइडने हीच कल्पना भावनेला लावली: राग असतो साहेबावर, निघतो घरच्यांवर. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी ती भाषेला लावली. समोर नसलेल्या, लांबच्या किंवा होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल बोलता येणं हे माणसाच्या भाषेचं एक लक्षण त्यांनी मांडलं.

जहाजाच्या हिशेबात सारणारा आणि सारलं जाणारं दोघेही मोजले जातात. माणसांच्या विस्थापनात मात्र धरण, शहर, पार्क यांचा आकार सगळ्यांना माहीत असतो, आणि बाजूला काय सारलं गेलं याचा आकडा मागून मिळवावा लागतो.

कागदावरचा हुकूम

माणसं पूर्वीही उठत होती. दुर्गादेवीच्या दुष्काळात गावंच्या गावं ओस पडली, मोहिमा आणि लुटालुटींत मुलूख परागंदा झाले. मराठीत 'देशोधडीला लागणं' आहे, 'गाव उठणं' आहे. पण त्या उठण्यामागे सही-शिक्क्याचा कागद नव्हता. तो पक्का केला १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. सार्वजनिक हित आहे असं सरकारने जाहीर केलं की जमीन घेता येऊ लागली, मालकाची संमती लागेनाशी झाली. बाजारभावाने मोबदला आणि जमीन सक्तीने घेतल्याबद्दल वर १५ टक्के दिलासा रक्कम, एवढंच त्या कायद्याला ठाऊक होतं. त्याला जमीन दिसत होती. तिच्यावर जगणारी माणसं दिसत होती ती जमिनीच्या कागदावर नाव असेल तेवढीच.

या कायद्याची कसोटी मुळशी पेट्यात लागली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी टाटांच्या कंपनीने नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतलं, आणि मावळातली पन्नासच्या आसपास गावं बुडिताखाली येणार हे ठरलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी कामाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती ही पदवी ज्यांच्या नावाला कायमची चिकटली ते पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्या पुढे होते. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. लढा तीन वर्षं चालला आणि हरला. धरण झालं. पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याच्या वीजघरात पडू लागलं.

मुळशीत आणखी एक गोष्ट उघडी पडली. पुष्कळ मावळ्यांच्या जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या, आणि मोबदला मिळतो तो कागदावर नाव असलेल्याला. जो कसत होता त्याचं घर गेलं, आणि ज्याच्या नावावर उतारा होता त्याला पैसे मिळाले. सत्याग्रह चालू असतानाच्याच काळात, १९२३ मध्ये, भूसंपादन कायद्यात कलम ५-अ आलं. जमीन घेण्याआधी हितसंबंधितांच्या हरकती ऐकून घ्याव्यात, असं ते म्हणतं. या छोट्या कलमाची गाठ पुढे चंडीगडच्या आयटी पार्कशी पडणार होती.

निर्वासितांची राजधानी

दुसऱ्या महायुद्धाने विस्थापित माणूस ही जगभरातली सरकारी जात तयार केली. त्यातली काही माणसं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला येऊन राहिली. सोव्हिएत फौजांनी सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकललेले सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत होते.

मग फाळणी झाली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी कुटुंबं उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावण्यांचं उल्हासनगर झालं. आपण त्यांना निर्वासित म्हणालो. केंद्राच्या कायद्याने त्यांना विस्थापित व्यक्ती म्हटलं, आणि १९५४ मध्ये त्यांच्या भरपाईसाठी आणि पुनर्वसनासाठी वेगळा कायदा केला. जमीन घेणाऱ्या कायद्यात पुनर्वसन हा विषयही नव्हता, त्याच वेळी सीमेपलीकडून आलेल्या माणसासाठी मात्र तो हक्क म्हणून मान्य झाला. एकाच देशात विस्थापनाचे दोन हिशेब सुरू झाले.

हे दोन हिशेब चंडीगडमध्ये एकाच जमिनीवर भेटले. लाहोर पाकिस्तानात गेलं आणि पंजाबला राजधानी उरली नाही. शिवालिकच्या पायथ्याशी नवी राजधानी बांधायचं ठरलं. आधी अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी आराखडा केला. नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले, आणि १९५१ मध्ये काम ल कॉर्ब्यूझिए यांच्याकडे आलं. घरं गमावलेल्या पंजाबचं हे नवं घर होतं. ते ज्या जमिनीवर उभं राहणार होतं तिथे आंब्याच्या बागा होत्या, विहिरी होत्या, नांदती खेडी होती. ती १८९४ च्याच कायद्याने घेतली गेली. निर्वासितांना आसरा देणाऱ्या शहराने स्वतःचे विस्थापित निर्माण केले.

हे आजही डोळ्यांनी पाहता येतं. शाकरगढजवळच्या एका खेड्यातून फाळणीत इकडे आलेले नेकचंद सैनी सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक होते. १९५७ च्या सुमारास, कुणाला न सांगता, सुखना तलावाजवळच्या जंगलात ते सायकलवरून दगड आणि मोडतोड नेऊन ठेवू लागले. त्या मोडतोडीत नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचा राडारोडाही होता: कौलं, विटा, मातीची भांडी, फुटक्या बांगड्या. त्यातून त्यांनी माणसं, बायका, पक्षी, गुरं घडवली. सत्तरच्या दशकात अधिकाऱ्यांना हा पत्ता लागला तेव्हा ते बांधकाम बेकायदा होतं. लोकांनी उचलून धरलं म्हणून ते वाचलं आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन म्हणून खुलं झालं. बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या बायकांची तिथली रांग जवळून पाहावी. ज्या हातांतल्या त्या बांगड्या होत्या ते हात या शहराच्या कुठल्याच नकाशावर नाहीत. त्यांचा एवढा जिव्हाळ्याचा हिशेब एका निर्वासिताने ठेवला, प्रशासनाने ठेवला नाही.

धरणात गेलेली गावं

महाराष्ट्रात तेव्हा कोयनेचं धरण आकार घेत होतं. साठच्या दशकात त्याचा शिवसागर जलाशय भरला आणि जावळी-पाटण खोऱ्यातली गावं उठली. काहींना रायगड-ठाण्याकडे पाठवलं, काहींना सोलापूरकडे. नाचणी आणि वरी पिकवणारा, डोंगरउताराची माती ओळखणारा शेतकरी काळ्या रानात आणि परक्या बोलीत जाऊन पडला.

लोक कधी म्हणत नाहीत की आमचं गाव विस्थापित झालं. ते म्हणतात, 'आमचं गाव धरणात गेलं.' पाणी चढण्याआधी ग्रामदैवत हलवावं लागतं. उजनी धरणातलं जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं आणि नवं पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्याला वसलं. भीमेचं पाणी फार उतरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं, आणि माणसं होडीतून किंवा चिखल तुडवत तिकडे जातात. म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात: हा वाडा, ही वेस, इथे चावडी. हॉकेट यांनी सांगितलेलं भाषेचं लक्षण इथे प्रत्यक्ष काम करतं. जे समोर नाही ते फक्त बोलण्यात उरलेलं असतं.

राज्यभरच्या धरणग्रस्तांच्या परिषदा आणि मोर्चे साठ-सत्तरच्या दशकांत उभे राहिले. बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखी माणसं त्यात होती. मागणी एका ओळीची होती: आधी पुनर्वसन, मग धरण. त्या रेट्यातून १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशात अशा कायद्याच्या वाटेवर हे राज्य आधी चाललं. पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये त्याची नवी रूपं आली. धरणाच्या पाण्याने ज्याची शेती भिजणार, त्या लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदाराने जमिनीचा काही भाग धरणात गेलेल्या माणसासाठी सोडायचा, हे या कायद्याचं मोल आहे. असंख्य सातबारा उताऱ्यांच्या 'इतर हक्क' रकान्यात 'पुनर्वसनासाठी राखीव' हा शेरा त्यातूनच आला. ज्याला लाभ होतो त्याने भारही उचलावा, हे तत्त्व त्या चार इंच जागेत लिहिलेलं असतं.

त्यासोबत प्रकल्पग्रस्ताचा दाखला आला, सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आलं, पुनर्वसित गावठाणाला १८ नागरी सुविधा आल्या. पण दाखल्याचा लाभ कुटुंबातल्या एकालाच. आजोबांची जमीन गेली, मुलगे चार, नातवंडं दहा, आणि दाखला एक. धरणाने घर एकदा मोडलं, आणि हा कागद कित्येक घरांत दुसऱ्यांदा फूट पाडून गेला.

नर्मदेच्या काठी हिशेब आणखी तोकडा पडला. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि धडगाव भागातली ३३ गावं येत होती. १९७९ च्या नर्मदा लवादाने जमिनीला जमीन आणि सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानलं. हे मोठं पाऊल होतं, पण सज्ञान मुलगी त्यात नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्या आदिवासीच्या हाती उताराच नव्हता, म्हणून तो कागदावर मालक ठरत नव्हता, अतिक्रमण करणारा ठरत होता. त्या ३३ गावांतल्या मणिबेलीच्या लोकांनी पाणी चढत असताना जागा सोडायला नकार दिला, त्यामागे हीसुद्धा मागणी होती: आधी आम्हाला मोजा.

साडेबारा टक्के

आता त्या शेतकऱ्याकडे येऊ ज्याचं घर जागेवर आहे आणि शिवार गेलं आहे. महाराष्ट्रात ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली ती नवी मुंबईत. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची शेती, मिठागरं आणि खाजण नव्या शहरासाठी गेली. गावठाणं राहिली. आगरी-कोळी माणूस आपल्याच दारात बसून शहर वाढताना पाहू लागला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्याने मिळवलं ते असं: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला. आज त्या पट्ट्यात कुणी नुसतं 'साडेबारा टक्के' म्हटलं तरी पुरतं. मोबदल्याच्या पुढे जाऊन, जमिनीतून जे उभं राहील त्यात मूळ मालकाचा वाटा असतो, हे त्यातून मान्य झालं.

हिंजवडीने तीच वाट पुन्हा दाखवली. जागा मुळशी तालुक्यातलीच, फक्त धरणाऐवजी एमआयडीसी. ज्यांचे पैसे नीट गुंतले त्यांनी इमारती बांधल्या आणि खोल्या भाड्याने दिल्या. ज्यांचे पैसे गाडी, लग्न आणि कर्जफेडीत संपले, त्यांची मुलं त्याच पार्काच्या फाटकावर पहारा देतात किंवा कॅब चालवतात. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईला तर मोबदलाच नव्हता. तिची जमीन नव्हतीच, तिचं काम तेवढं गेलं.

किशनगढचं शिवार

चंडीगडचा आयटी पार्क २००५ मध्ये सुरू झाला. त्याचं उद्घाटन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी केलं. त्यांचं स्वतःचं गाव, गाह, फाळणीत सीमेपलीकडे राहिलं होतं. पार्काच्या शेजारची गावं उत्तरेत ज्याला 'लाल डोरा' म्हणतात त्या वस्तीच्या हद्दीत आक्रसली. डोऱ्याच्या आतलं घर राहिलं, बाहेरचं शेत गेलं. आता तिथल्या अरुंद गल्ल्यांत मजल्यावर मजले चढले आहेत, आणि देशभरातून आलेली आयटीतली मुलं पीजी म्हणून राहतात.

पार्काच्या तिसऱ्या टप्प्यासाठी आणखी जमीन घ्यायला निघाले, तेव्हा जमीनमालक कोर्टात गेले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते संपादन रद्द केलं. मालकांनी दिलेल्या हरकतींवर अधिकाऱ्यांनी विचारच केला नव्हता, सगळ्या सरधोपट फेटाळल्या होत्या, असं न्यायालयाला आढळलं. हरकती ऐकून घ्या असं सांगणारं कलम तेच होतं, १९२३ चं ५-अ. मुळशीच्या मावळ्यांना सत्याग्रहाला बसताना जे उपलब्ध नव्हतं, त्याच्या आधारे मनीमाजऱ्याचे शेतकरी जिंकले. या दोन प्रसंगांत ९१ वर्षं गेली.

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, मनमोहन सिंग यांच्या सरकारच्या काळात नवा भूसंपादन कायदा झाला. १ जानेवारी २०१४ पासून १८९४ चा कायदा संपला. सुरुवातीला १५ टक्के, १९८४ मध्ये ३० टक्के झालेली दिलासा रक्कम १०० टक्के झाली. खाजगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागू लागली. सगळ्यात मोलाचं म्हणजे, त्या जमिनीवर आधीची तीन वर्षं राबणारा भूमिहीन मजूर, कूळ आणि कारागीर यांचं कुटुंबही पहिल्यांदा बाधित ठरलं. खुरपायला जाणाऱ्या त्या बाईला कायद्यात जागा मिळायला ११९ वर्षं लागली.

तरीही सगळी दारं उघडली नाहीत. चंडीगड उभारणाऱ्या मजुरांच्या वस्त्या कधी अधिकृत झाल्या नाहीत. १ मे २०२२ ला, कामगार दिनी, त्यांतली कॉलनी नंबर ४ पाडली गेली. घर कुणाला मिळणार हे २००६ च्या बायोमेट्रिक सर्वेक्षणात नोंद होती की नाही यावर ठरलं. मुंबईच्या झोपडपट्टीत १९९५ आणि नंतर २००० ही तारीख जे काम करते, तेच इथे अंगठ्याच्या ठशाने केलं.

अंतर मोजा

हा मागोवा सलग पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते. हिशेबातली प्रत्येक बाब लढून घातली गेली आहे. हरकतीचा हक्क, जमिनीला जमीन, वाटा, संमती, भूमिहीनाची नोंद, यातलं काहीही आपोआप आलं नाही. बदलीवर चंडीगडला गेलेली आपली मुलगी 'शिफ्ट झाले' असं म्हणते, कारण जायचं की नाही हे ती ठरवू शकते. धरणात गेलेला माणूस तसं कधी म्हणणार नाही. ठरवण्याचा हक्क कुणाच्या हाती होता, यावर स्थलांतर आणि विस्थापन यांतला फरक ठरतो. चाललेले किलोमीटर त्यात कामाला येत नाहीत.

म्हणूनच किशनगढ, हिंजवडी आणि उरणच्या गावठाणातल्या माणसाला मी निःशंकपणे विस्थापित म्हणतो. दोन टोकांतली रेघ काढली तर त्याचं विस्थापन शून्य येतं. पण शेतकरी होता तो भाडेकरूंचा मालक झाला किंवा पहारेकरी झाला, हा रस्ता मोठा आहे आणि तो त्याने निवडलेला नाही. यापुढे कुठेही पार्क, विमानतळ, महामार्ग आखला जाईल तेव्हा ज्यांची घरं जागेवर राहणार आहेत त्यांचीही यादी व्हावी, शेतमजुरांसकट. भूखंड दिला, धनादेश दिला की फाइल बंद होते. ती निदान पुढच्या पिढीच्या रोजगारापर्यंत उघडी राहावी, आणि ठराविक वर्षांनी त्या कुटुंबांचं काय झालं हे गावसभेपुढे वाचून दाखवण्याचं बंधन प्रकल्पावर असावं. मुळशीच्या मावळ्यांकडून आपण वीज घेतली, कोयनेकडून घेतली, आणि त्यांचा पुरता हिशेब अजून दिलेला नाही. नव्या प्रकल्पाची फीत कापण्याआधी तो देणं हे आपल्यावर कर्ज आहे.